मेंढ्याच्या नावाचं गाव

मंडळी, बाहेर धो धो पाऊस असताना तुम्ही छत्र्या निथळत इथं येऊन बसलात, तेही इटलीतल्या एका डोंगरावरच्या गावाचा इतिहास ऐकायला. माझा भाचा परवा म्हणत होता, "मामा, इटलीचं गाव आणि माणगावात भाषण? खुर्च्या तरी भरतील का?" त्याला आता या सभागृहाचा फोटो पाठवायला हवा.

गावाचं नाव मोन्तोने. इटलीच्या नकाशात मधोमध उम्ब्रिया नावाचा प्रांत दिसतो. त्याला समुद्र कुठूनच लागत नाही. त्याची राजधानी पेरुजा, आणि पेरुजाच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर हे गाव. उंची 482 मीटर, म्हणजे आपल्या रायगडाच्या निम्म्याहून थोडी जास्त. गावाच्या एका अंगाला तिबेर नदीचं खोरं, दुसऱ्या अंगाला कार्पिना नावाची लहानशी नदी. तिबेर म्हणजे रोमची तीच नदी, पाठ्यपुस्तकात आपण टायबर म्हणायचो ती. इथं मात्र ती लहान आहे, रोमचा रुबाब तिला अजून आलेला नाही. गावाची पूर्ण लोकसंख्या सोळाशेच्या आसपास, आणि त्यातलेही बरेच लोक तटाबाहेर, खालच्या वस्त्यांत राहतात.

इटालियनमध्ये 'मोन्तोने' या शब्दाचा अर्थ मेंढा. आणि 'मोन्ते' म्हणजे डोंगर, त्याला मोठेपणाचा 'ओने' जोडला तरी मोन्तोनेच होतं. डोंगर म्हणा की मेंढा म्हणा, दोन्ही गावाला शोभतात. चढ चढताना मला डोंगर पटला. पुढं गावाचा इतिहास वाचताना मेंढा पटायला लागला, कारण हे गाव ज्याच्या त्याच्याशी टक्कर घेत आलंय.

आता, माणसं डोंगरावर जाऊन का राहिली? खाली नदीकाठी सपाट, काळी, चांगली जमीन असताना पाणी वाहून न्यायला लागेल अशा जागी घरं का बांधली? 10व्या-11व्या शतकात इटलीभर हे झालं. राज्य नावाची गोष्ट विस्कटली होती, कोण कधी लुटायला येईल याचा नेम नव्हता. मग एखाद्या जहागीरदाराच्या किंवा मठाच्या आश्रयानं विखुरलेली कुळं उंचवट्यावर एकत्र आली, भोवती तट उभा राहिला. शेत खाली, घर वर. सकाळी उतरायचं, संध्याकाळी चढायचं. आपल्याकडं किल्ल्यावर शिबंदी असते आणि गाव पायथ्याशी असतं. तिथं अख्खं गावच किल्ल्यात. त्यामुळं मोन्तोनेच्या गल्ल्या बघाल तर दोन माणसं समोरासमोर आली की एकानं भिंतीला पाठ लावावी लागते. घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी असल्यासारखी, मध्येच एखादी कमान, कमानीखालून पायऱ्या, आणि पायऱ्या संपतात तिथं कुणाच्या तरी जिरेनियमच्या कुंड्या.

13व्या शतकाच्या सुरुवातीला गाव पेरुजाच्या अंमलाखाली गेलं. पेरुजा तेव्हा मातब्बर शहर होतं, आणि आसपासच्या छोट्या गावांना दोनच वाटा असायच्या: स्वतःहून मान तुकवा, नाहीतर आम्ही वाकवू. मोन्तोनेनं मान तुकवली खरी, पण गावातलं एक घराणं पेरुजाच्या राजकारणात जाऊन बसलं. फोर्तेब्राच्ची. नावाचाच अर्थ 'बळकट दंडाचे'.

या घराण्यात 1368मध्ये आंद्रेआ नावाचा मुलगा झाला. जग त्याला ब्राच्चो दा मोन्तोने म्हणून ओळखतं. पेरुजात सरदार आणि व्यापारी-कारागिरांचे गट एकमेकांच्या जिवावर उठलेले होते. व्यापाऱ्यांची सरशी झाली आणि फोर्तेब्राच्चींसारख्या सरदार घराण्यांना देशोधडीला लावलं गेलं. गाव गेलं, जमीन गेली. हातात राहिली तलवार. मग ब्राच्चोनं ती भाड्यानं दिली.

इथं एक शब्द समजून घेतला पाहिजे: 'कोंदोत्ता'. म्हणजे करार. फ्लोरेन्स, मिलान, व्हेनिस, पोप, नेपल्सचा राजा, यांच्याकडं पैसा होता, खडी फौज नव्हती. मग घोडे, भालाईत, पायदळ घेऊन येणारा सेनानी ते ठेक्यावर घ्यायचे. इतक्या महिन्यांसाठी इतके स्वार, इतके दुकाट, म्हणजे सोन्याची नाणी. करार संपला की तोच सेनानी पलीकडच्या बाजूला. अशा ठेकेदार सेनानीला 'कोंदोत्तिएरे' म्हणायचे. आपले शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येत, त्यावरून थोडी कल्पना करा. फक्त इथं एकाच माणसामागं आख्खी फौज, आणि ती फौज त्याची खासगी मालमत्ता.

ब्राच्चो या धंद्यातला पहिल्या फळीचा माणूस झाला. लढाईत सगळी फौज एकदम झोकायची नाही. तिच्या लहान लहान तुकड्या करायच्या आणि आळीपाळीनं सोडायच्या. एक दमली की मागं, ताजी पुढं. समोरचा जड चिलखतात उन्हात घामाघूम होऊन बसलाय आणि याचे लोक पाणी पिऊन परत येतायत. 12 जुलै 1416 रोजी सांत एजिदियोजवळ, टळटळीत उन्हाळ्यात, त्यानं कार्लो मालातेस्ताचा असाच पाडाव केला आणि ज्या पेरुजानं घराण्याला हाकललं होतं त्याच पेरुजाचा धनी होऊन आत शिरला. त्याच्या पद्धतीला 'ब्राच्चेस्का' असं नावच पडलं. आणि त्याचा जुना सोबती, पुढं कट्टर वैरी झालेला मुत्सिओ अत्तेंदोलो स्फोर्त्सा, त्याची पद्धत ती 'स्फोर्त्सेस्का'. घराणी असावीत गाण्याची, तशी ही लढाईची दोन घराणी. शिष्य वर्षानुवर्षं एकमेकांशी झुंजत राहिले.

राज्यकर्ता म्हणून हा माणूस कसा होता? पेरुजाच्या कॅथीड्रलला लागून त्यानं बांधलेली कमानींची पडवी आजही उभी आहे. त्राझिमेनो सरोवराचं पाणी काठच्या शेतांत शिरायचं, ते वाहून न्यायला त्यानं जमिनीखालून कालवा खोदवला. पण क्रौर्याच्याही कथा भरपूर आहेत. त्याच्या शत्रूंनी त्या लिहिल्या हे खरं असलं, तरी सगळ्याच खोट्या असतील असं मला वाटत नाही. 1420मध्ये पोप मार्टिन पाचवा फ्लोरेन्समध्ये असताना तिथली पोरं रस्त्यात गाणं म्हणत: शूर ब्राच्चो सगळ्यांना हरवतो, पोप मार्टिनला दमडीची किंमत नाही. पोपनं हे मनावर घेतलं म्हणतात. घेणारच की हो, खिडकीखाली पोरं ओरडतायत!

1424च्या सुरुवातीला स्फोर्त्सा पेस्कारा नदी ओलांडताना बुडाला. त्याच वर्षी 2 जूनला लाक्विलाच्या वेढ्यात ब्राच्चो जबर जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. त्यानंतर त्यानं अन्न घेतलं नाही, कुणाशी बोललाही नाही, असं सांगतात. तीन दिवसांत गेला. बहिष्कृत म्हणून त्याला रोमबाहेर पवित्र न केलेल्या जमिनीत पुरलं. पुढं पुतण्यानं अस्थी पेरुजाला आणल्या.

मोन्तोनेच्या मुख्य चौकाचं नाव आजही पियात्सा फोर्तेब्राच्चो आहे. त्या चौकात कॉफी पीत बसलो असताना मला राहून राहून वाटत होतं, ब्राच्चोबरोबर जे शेकडो लोक या डोंगरांतून गेले त्यांचं काय? त्यांचं नाव कोणत्याच चौकाला नाही. आणि ते गेले तरी का? याचं उत्तर पुढं शेतीकडं वळू तेव्हा सापडेल.

त्याआधी काटा. ब्राच्चोचा मुलगा कार्लो, तोही ठेक्यावरचा सेनानी, व्हेनिसच्या चाकरीत. तिथून त्यानं एक अवशेष आणला, येशूच्या काटेरी मुकुटातला मानला जाणारा एक काटा, आणि 1473मध्ये तो गावाला दिला. 'सांता स्पिना', पवित्र काटा. वर्षातून मोजक्या वेळीच तो लोकांपुढं आणतात, त्यातला एक दिवस ईस्टरनंतरचा सोमवार. ऑगस्टमध्ये आठवडाभर उत्सव असतो. गावच्या तीन आळ्या, बोर्गो, मोन्ते आणि व्हेर्झिएरे, जुन्या पोशाखात एकमेकींना आव्हानं देतात, धनुर्विद्येची चुरस होते, नाटुकली होतात. आमच्या गावच्या पालखीत पालखी कुणाच्या दारात किती वेळ थांबली यावरून जे काही होतं ना, तसलंच वातावरण. काटा खरा की खोटा हा प्रश्न तिथं कुणी विचारत नाही. मीही विचारला नाही.

काटा आला, पण राखणदार टिकला नाही. कार्लोला वडलांसारखं राज्य हवं होतं. 1477मध्ये पोपच्या फौजांनी मोन्तोनेला वेढा घातला, गाव पडलं, आणि पुढच्या वर्षी पोप सिक्स्टस चौथ्याच्या हुकमानं ब्राच्चोचा किल्ला जमीनदोस्त झाला. हा तोच सिक्स्टस, ज्याच्या नावानं रोममधलं सिस्टिन चॅपेल ओळखलं जातं. एकीकडं चॅपेलच्या भिंती चढत होत्या, दुसरीकडं मोन्तोनेच्या उतरत होत्या. गावाच्या माथ्यावर आज किल्ल्याचे नुसते अवशेष आहेत. तिथं उभं राहिलं की खाली सबंध खोरं दिसतं, आणि हा किल्ला पोपला का खुपत असेल ते न सांगता कळतं.

यानंतर जवळजवळ चारशे वर्षं गाव पोपच्या राज्यात राहिलं. जहागीरदार बदलले, इटली एक झाली, 1860मध्ये पोपचा अंमल संपला. राजकारणाच्या दृष्टीनं ही शतकं मी अशी दोन वाक्यांत उडवतोय, पण या काळात गावातली बहुतेक माणसं जे करत होती त्याबद्दल मला सावकाश बोलायचंय.

'मेत्साद्रिया'. शब्दातच 'मेत्सो' आहे, म्हणजे अर्धा. आपल्याकडं याला चोख शब्द आहे, अर्धेली. जमीन मालकाची, घर मालकाचं, राबायचं कुळानं आणि पीक निम्मं निम्मं. घर शेतातच, दगडी, तळमजल्यावर पांढऱ्या बैलांचा गोठा, त्यावर स्वयंपाकघर, म्हणजे गोठ्याची ऊब फुकट वर यावी. एका घरात तीन-तीन पिढ्या, पंधरा-वीस माणसं. घरात किती हात आहेत यावर मालकाची नजर. मुलाचं लग्न ठरवायचं तरी मालकाला विचारायचं, कारण घरात येणारी सून म्हणजे खाणारं एक तोंड आणि राबणारे दोन हात. मध्ये 'फात्तोरे', म्हणजे मालकाचा कारभारी. त्याच्या वहीत कुळाच्या नावावर काय देणं चढलंय ते कुळाला वाचता येत नसे. आणि निम्म्या पिकाशिवाय वरकड: नाताळला कोंबडे, ईस्टरला अंडी, मालकिणीच्या घरचं धुणं.

तुमच्यातल्या वयस्कर मंडळींना हे ऐकून काही आठवत असेल. अर्धेल, तिर्धेल, खोताच्या घरची वेठ, पहिल्या आंब्याची पाटी खोताकडं. आपला माणगाव-महाड पट्टा खोतीचाच. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 ते 1939 असा सहा-सात वर्षांचा संप केला, बाबासाहेबांनी 1937मध्ये कायदेमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडलं, आणि खोती कायद्यानं गेली ती 1949च्या कायद्यानंतर. तिकडं 1946मध्ये पंतप्रधान दे गास्पेरींच्या निवाड्यानं कुळाचा वाटा निम्म्यावरून किती झाला? 53 टक्के. तीन टक्क्यांसाठी उम्ब्रिया आणि तोस्कानाच्या शेतकऱ्यांनी किती मोर्चे काढले असतील! मेत्साद्रियाचे नवे करार करायला बंदी आली 1964मध्ये. तोवर तरुण पोरं शेतात थांबलीच नव्हती. ती गिरण्यांकडं, शहराकडं, जर्मनीकडं, स्वित्झर्लंडकडं निघून गेली. तो पांढऱ्या बैलांचा गोठा आता अनेक ठिकाणी उन्हाळी पाहुण्यांची खोली झालाय.

जाता जाता एक गंमत सांगतो. या खोऱ्यात तंबाखू पिकते. चित्ता दी कास्तेल्लो शहराजवळ तंबाखू सुकवण्याच्या जुन्या अवाढव्य शेडांत आता चित्रकार आल्बेर्तो बुर्रीच्या चित्रांचं संग्रहालय आहे. तंबाखूला इथं सुरुवातीला जोर दिला कोस्पाया नावाच्या एका वाडीनं. 1440मध्ये पोपनं शेजारचा मुलूख फ्लोरेन्सला देताना हद्द 'रिओ' नावाच्या ओढ्यावर ठरवली. पण रिओ नावाचे ओढे होते दोन! मधली चिंचोळी पट्टी कुणाच्याच कागदात आली नाही. वाडीतल्या लोकांनी ताबडतोब आपण स्वतंत्र असल्याचं जाहीर केलं, आणि पोपच्या राज्यात तंबाखूवर बंधनं असताना कर न भरता ती पिकवत 1826पर्यंत जगले. मोजणीतली चूक पावणेचारशे वर्षं पुरवली. आमच्या तलाठी कार्यालयात असलं भाग्य अजून कुणाला लाभलेलं नाही.

असो. आता 1944. तुम्ही ज्यासाठी आलात ते.

आदल्या वर्षी सप्टेंबरात इटलीनं शरणागती पत्करली आणि जर्मन फौजांनी देश ताब्यात घेतला. मोन्तोनेच्या आसपासच्या जंगलांत सान फाउस्तिनो ब्रिगेड नावाची पार्टिझान, म्हणजे गनिमी काव्यानं लढणाऱ्या स्थानिकांची, टोळी लढत होती. एप्रिलमध्ये दोस्तांच्या विमानांनी शेजारच्या उम्बेर्तिदेतल्या पुलावर बाँब टाकले, ते वस्तीवर पडले, सत्तरच्या आसपास माणसं मेली. 4 जूनला रोम सुटलं, 20 जूनला पेरुजा. जर्मन फौजा उत्तरेकडं गॉथिक लाइनकडं, म्हणजे त्यांच्या बचावाच्या फळीकडं, सरकत होत्या, पण भराभर नाही. प्रत्येक टेकडीवर थांबून, मशीनगन लावून, वेळ काढत. आणि या तिबेर खोऱ्यातून त्यांच्या मागं होती दहावी भारतीय डिव्हिजन. त्यात आपली मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण.

10 जुलै 1944, सोमवार. तिबेरच्या वरच्या खोऱ्यातल्या उंचवट्यांवर पलटणीची एक कंपनी शत्रूच्या पक्क्या मोर्चावर चालून गेली. त्यातल्या एका सेक्शनचा कमांडर होता नाईक यशवंत घाडगे, आपल्या याच तालुक्यातल्या पळसगावचा. वय 22. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि सेक्शनमधला प्रत्येक जण एक तर मेला, नाहीतर जखमी झाला. उभा राहिला तो एकटा. मागं कुणी नाही हे त्याला माहीत होतं. तो पुढं धावला. ग्रेनेड फेकला, मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही बंद पडले. हातातल्या टॉमीगननं, म्हणजे छोट्या स्वयंचलित बंदुकीनं, आणखी एकाला टिपलं. मॅगझिन संपलं, बदलायला वेळ नव्हता. मग त्यानं बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्यानं उरलेल्या दोघांना संपवलं. तेवढ्यात स्नायपरच्या गोळ्या लागल्या आणि तो त्याच मोर्चात पडला. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्याची कबर नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव कोरलेलं आहे, आणि आपल्या माणगावात त्याचा पुतळा आहे, ज्याच्या समोरून आपण रोज जातो.

बंदूक नळीकडून धरली, हे मी वर्गात सांगायचो तेव्हा पोरं गप्प व्हायची. एक जण म्हणाला होता, "सर, नळी तापलेली असेल ना?" बंदुकीच्या त्या वाक्यावरून मी पुढं निघून गेलो होतो. त्याच्या प्रश्नानं परत वळलो. असणारच. नुकतीच ती रिकामी झाली होती.

इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून जास्त भारतीय सैनिक लढले, 5,782 तिथंच राहिले. इटलीत दिल्या गेलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे. त्यातला आणखी एक आपल्याच रेजिमेंटचा, नामदेव जाधव, सेनिओ नदीवर, 9 एप्रिल 1945. तो परत आला.

मोन्तोनेत एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी कुठला ते सांगितलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, इटालियन मला. त्यांनी दोन्ही हात डोक्याभोवती फिरवून पगडी दाखवली, "इंदियानी!" लहानपणी पाहिलेले शीख सैनिक त्यांच्या डोळ्यांपुढं असणार. मी मान हलवली, नाही, आणि माझ्या टकलावर हात फिरवून दाखवला. ते खूप हसले. त्यांना मराठे, माणगाव, पळसगाव हे सगळं मी कसं सांगणार होतो? खिशातल्या पेनानं रुमालावर नाव लिहून दिलं, देवनागरीत. त्यांनी तो रुमाल घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

मघाशी मी ब्राच्चोबरोबर गेलेल्या माणसांबद्दल विचारलं होतं. डोंगरातल्या जमिनीत वाट्याला निम्मं येतं, तेही पाऊस आणि मालक दोघांची मर्जी असेल तर. फौजेत पगार ठरलेला. मोन्तोनेच्या पोरांना ते 1400मध्ये कळलं, आपल्या कोकणातल्या पोरांना कंपनी सरकारच्या काळात. कुणाचं युद्ध, कशासाठी, हे ठरवणारे दुसरेच. यशवंत घाडगे ज्याच्यासाठी लढला ते राज्य तीन वर्षांत आपल्या देशातून गेलं. म्हणून त्याचं धावणं कमी होतं, असं मला कुणी सांगू नये. पण त्याला 'देशासाठी' हा सोपा शब्द लावताना माझी जीभ अडते, हेही कबूल करतो. प्रश्नोत्तरात कुणी यावर मला कोंडीत पकडलं तर माझी हरकत नाही.

जुलै 2023मध्ये मोन्तोनेच्या ग्रामपालिकेनं आणि तिथल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी गावात त्याच्या नावाचं स्मारक उभारलं. भारताच्या राजदूतही हजर होत्या. ज्या गावानं ब्राच्चोसारख्या सेनानीच्या नावानं चौक ठेवला, त्यानं एका नाईकासाठी पुतळा केला नाही, तोफ ठेवली नाही. सूर्यघड्याळ केलं. त्यावरचं लॅटिन ब्रीद 'ओम्नेस सुब एओदेम सोले', आपण सगळे एकाच सूर्याखाली.

सूर्यघड्याळ स्थानिक वेळ दाखवतं, सरकारी नव्हे. मी घरी येऊन हिशेब केला. मोन्तोने आणि माणगाव यांच्या रेखांशांत साधारण 61 अंशांचं अंतर आहे, अंशाला चार मिनिटं धरली तर चार तास चार मिनिटं. जुलैत त्या घड्याळाची सावली बारावर येते तेव्हा आपल्या एसटी स्टँडवरच्या घड्याळात पावणेपाच झालेले असतात. शाळा सुटायची वेळ. पाऊस नसला तर त्या वेळी पुतळ्याची सावली पूर्वेकडं पडते, सह्याद्रीच्या बाजूला. आज काही दिसायची नाही, पण उघडीप झाली की जाऊन बघा.